संप्रेरकांचे तोतये

प्लॅस्टिकच्या डब्यात एकदा आमटी ठेवली, की डब्याला हळदीचा पिवळा रंग चढतो. मग साबण लावा किंवा लिंबू चोळा, तो रंग सहजासहजी पुरता जात नाही. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्याचे असे होत नाही. असे का व्हावे?

हळदीतील पिवळे द्रव्य तेलकट पदार्थांत सहज विरघळते आणि प्लॅस्टिकही एका अर्थाने तेलाचेच भाऊबंद आहे. दोघांचेही रेणू मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले असतात. त्यामुळे हळदीचे रेणू प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर नुसते बसून राहत नाहीत, तर त्याच्या आत शिरतात. याचा अर्थ असा, की जे प्लॅस्टिक आपल्याला काचेसारखे घट्ट वाटते, त्याच्या लांबच लांब रेणूंच्या गुंत्यात लहान रेणूंना जाण्यायेण्यापुरती वाट असते. बाहेरचा रेणू आत जाऊ शकतो, तसाच आतला रेणूही बाहेर येऊ शकतो.

मग प्रश्न उभा राहतो, की आतून काय बाहेर येते?

प्लॅस्टिकमध्ये असते तरी काय?

निव्वळ प्लॅस्टिकच्या वस्तू बाजारात फारशा मिळत नाहीत. मूळ बहुवारिकात, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या पदार्थात, रंग मिसळतात, उन्हाने तडकू नये म्हणून रक्षक द्रव्ये घालतात आणि मऊपणा यावा म्हणून नरमकारके घालतात. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक असते. त्याचा मऊ रेनकोट किंवा टेबलावरचे अंथरूण करायचे, तर त्यात थॅलेट गटातील नरमकारके घालण्याची पद्धत आहे. ही द्रव्ये साखळीला रासायनिक बंधाने बांधलेली नसतात. ती साखळ्यांच्या मधल्या जागेत नुसती मुरलेली असतात. म्हणूनच ती हळूहळू निघून जातात. जुना रेनकोट काही वर्षांनी ताठ होऊन तडकतो, त्याचे हे एक कारण आहे.

ही गळती चार गोष्टींनी वाढते: उष्णता, तेल, आंबटपणा आणि वेळ. सोलापूरकरांच्या ताटातलेच उदाहरण घेऊ. वाळलेली कडक भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत दिवसभर राहिली, तरी ती पिशवीतून फारसे काही ओढून घेत नाही. शेंगाचटणीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात शेंगदाण्याचे तेल असते आणि ती आठवडेच्या आठवडे पिशवीत राहते. दुधाच्या चहाचे पार्सल तर पातळ पिशवीत उकळते ओतले जाते; तेथे उष्णता आणि दुधातील स्निग्धांश दोन्ही एकत्र येतात.

कागदी कप घेतला तरी सुटका होत नाही, कारण त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खरगपूरच्या आयआयटीमधील संशोधकांनी अशा कपात ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमानाचे १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटे ठेवून पाहिले. त्या पाण्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्मकण उतरले, असे त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. असे कण पोटापर्यंतच थांबतात असेही नाही. २०२२ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २२ निरोगी माणसांचे रक्त तपासले आणि त्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचे अंश आढळल्याचे जाहीर केले.

येथे कोणी म्हणेल, "अहो, पण हे सारे किती थोडे! एवढ्याशाने काय होणार?" हाच आजच्या लेखाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी थोडा वेळ प्लॅस्टिक बाजूला ठेवून आपल्या शरीरात डोकावू.

चिमूटभर आणि तलावभर

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत, की त्यांचा स्राव नळीवाटे बाहेर न पडता सरळ रक्तात मिसळतो. त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात आणि त्यांच्या स्रावांना संप्रेरके किंवा हॉर्मोन. वाढ, झोप, भूक, साखरेचे नियमन, वयात येणे, गर्भाची घडण, ही सर्व कामे संप्रेरकांच्या हुकमाने चालतात.

गळ्यातील अवटू ग्रंथी थायरॉक्सीन तयार करते. रक्तातील बहुतेक थायरॉक्सीन प्रथिनांना चिकटलेले असते. पेशीत शिरू शकणारे मोकळे थायरॉक्सीन एका मिलिलिटर रक्तरसात साधारण १० पिकोग्रॅम असते. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! आकड्याने डोळ्यांपुढे काही उभे राहत नसेल, तर असे समजा, की २०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि ५ मीटर खोल असा एक तलाव आहे. त्यात १० कोटी लिटर पाणी मावेल. एवढ्या पाण्यात एक ग्रॅम, म्हणजे लहानशी चिमूटभर मीठ टाकून ढवळले, तर जेवढे तीव्र द्रावण होईल, तेवढेच ते थायरॉक्सीन. आणि एवढ्यावर तुमच्या शरीराचा सारा चयापचय अवलंबून असतो.

इतके थोडे द्रव्य एवढे मोठे काम कसे करते? पेशींमध्ये विशिष्ट आकाराची प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणतात. संप्रेरकाचा रेणू ग्राहीवर नेमका बसला, की पेशीला हुकूम मिळतो. हुकमाच्या कागदाचे वजन किती, याला महत्त्व नसते. त्यावर शिक्का कोणाचा आहे, याला महत्त्व असते.

शिक्का खरा, माणूस खोटा

पानिपतच्या लढाईनंतर सदाशिवरावभाऊंचा एक तोतया निघाला होता, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. १७७६ साली कोकणातील काही किल्ल्यांनी त्याला खरा भाऊ समजून दरवाजे उघडले. किल्लेदार काही सारे फितूर नव्हते. चेहरा ओळखीचा वाटला आणि हुकूम पाळला गेला, एवढेच.

पेशींचेही असेच होते. काही रसायनांच्या रेणूंचा काही भाग संप्रेरकांसारखा दिसतो. असा रेणू ग्राहीवर जाऊन बसला, तर पेशी त्याचाही हुकूम पाळते. काही तोतये हुकूम देत नाहीत. ते नुसते जागा अडवून बसतात आणि खऱ्याला आत येऊ देत नाहीत. आणखी काही रसायने संप्रेरक तयार होण्यात किंवा त्याची विल्हेवाट लागण्यात ढवळाढवळ करतात. या सर्वांना मिळून संप्रेरक-बाधक रसायने असे नाव आहे. थॅलेटांपैकी काही, डीडीटीसारखी काही कीटकनाशके आणि बिस्फेनॉल-ए हे या यादीतील ओळखीचे सभासद आहेत.

बिस्फेनॉल-ए ची कथा मोठी विलक्षण आहे. १९३६ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांचे सहकारी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे काम करणारी कृत्रिम औषधे शोधत होते. त्यांनी तपासलेल्या द्रव्यांत बिस्फेनॉल-ए होते आणि ते दुबळे का होईना, पण इस्ट्रोजेनसारखे वागते, हे त्यांना दिसले. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, त्यांना डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे फार प्रभावी द्रव्य सापडले आणि बिस्फेनॉल-ए मागे पडले. पुढे १९५० नंतरच्या दशकात रसायनज्ञांनी त्याच बिस्फेनॉल-ए पासून पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक, न फुटणारे प्लॅस्टिक बनवले. बाळांच्या दुधाच्या बाटल्या, पाण्याचे मोठे जार आणि डब्यांच्या आतील लेप यांतून ते घरोघर पोचले.

आणि डायएथिलस्टिलबेस्ट्रॉलचे काय झाले? गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत अनेक वर्षे ते गरोदर स्त्रियांना देत असत. १९७१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. आठ तरुण मुलींना जननमार्गाचा अत्यंत दुर्मीळ कर्करोग झाला होता आणि त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतले होते. औषध घेतले आईने. परिणाम दिसला मुलीत, आणि तोही पंधरा-वीस वर्षांनी!

यातून एक महत्त्वाचा धडा मिळाला. विषाचा विषारीपणा मात्रेवर असतो, हे आपण नेहमी ऐकतो आणि ते खरेही आहे. संप्रेरकांच्या बाबतीत मात्र मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची असते. गुडेरनाच या शास्त्रज्ञाने १९१२ साली बेडकांच्या पिल्लांना अवटू ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ती वाढ पुरी होण्याआधीच पाय फुटून माशीएवढे बेडूक बनली. मोठ्या बेडकाला तेच खायला घातले असते, तर असे काहीच झाले नसते. घडण चालू असताना मिळालेला चुकीचा हुकूम मागे घेता येत नाही. म्हणून गर्भ, तान्ही मुले आणि वयात येणारी मुले यांना या रसायनांपासून अधिक जपायचे असते.

परीक्षानळीपासून टॉवेलपर्यंत

आता सोलापूरच्या अगदी जवळचा एक तोतया पाहू. त्याची ओळख मात्र बॉस्टनमध्ये पटली. टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे दोघे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग करत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळाले तरच भराभर वाढतात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एकदा असे झाले, की इस्ट्रोजेन न घालताही सर्व बशांतील पेशी वाढू लागल्या. कोणाच्या हातून चूक झाली म्हणावे, तर पुन्हा केले तरी तेच! महिनोन् महिने शोध घेतल्यावर गुन्हेगार सापडला. तो द्रव साठवण्याच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत दडलेला होता. नळ्यांतून नॉनिलफेनॉल नावाचे द्रव्य झिरपत होते आणि पेशींना ते इस्ट्रोजेन वाटत होते. १९९१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

या नॉनिलफेनॉलचा सोलापूरशी काय संबंध? संबंध आहे तो टॉवेलमुळे. १८७७ सालच्या जुन्या मिलपासून आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांपासून सोलापूर कापडासाठी ओळखले जाते. येथील चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक निर्देशनाचा मान मिळालेला आहे. टॉवेलने पाणी टिपले पाहिजे. पण कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असते, विणताना त्याला तेल आणि खळ लागते. असा धागा पाणी शोषत नाही. म्हणून रंगवण्यापूर्वी तो कॉस्टिक सोडा आणि पाणी भिनवणारी द्रव्ये घालून उकळून धुतात. जगभरच्या कापडउद्योगात या कामासाठी नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेट हे स्वस्त द्रव्य दीर्घकाळ वापरात आहे. त्याच्या रेणूचे डोके पाण्याशी मैत्री करते आणि शेपूट तेलाशी. ही शेपूट म्हणजेच नॉनिलफेनॉल!

खरी मौज, किंवा खरे दुर्दैव, पुढेच आहे. हे धुवण सांडपाण्यात गेले, की तेथील जिवाणू रेणूचे डोके हळूहळू कुरतडून खातात. शेपूट त्यांना लवकर पचत नाही. मूळ द्रव्य फारसे इस्ट्रोजेनसारखे नसते. उरलेली शेपूट असते. म्हणजे घाण नाहीशी होत असताना तोतया जन्माला येतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एअर नावाची नदी आहे. तिच्या काठी लोकर धुणाऱ्या गिरण्या होत्या आणि त्या हीच द्रव्ये वापरत. १९९० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी त्या नदीत पिंजऱ्यांतून नर ट्राउट मासे सोडले. काही आठवड्यांनी त्यांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन सापडले. हे प्रथिन अंड्याचा बलक बनवण्यासाठी लागते आणि ते मादीच्या रक्तात असते. नराच्या रक्तात त्याचे काहीच काम नाही. गिरण्यांनी द्रव्य बदलले, तेव्हा पाण्याचा हा दोष पुष्कळ कमी झाला. गिरण्या बंद पडण्याची गरज लागली नाही. फॅटी अल्कोहोलपासून बनवलेली पर्यायी द्रव्ये उपलब्ध होती आणि आजही आहेत.

युरोपीय संघाने ३ फेब्रुवारी २०२१ पासून असा नियम लागू केला, की धुण्याजोग्या कापडात नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेट वजनाच्या ०.०१ टक्क्याहून कमी असले पाहिजे. म्हणून निर्यात करणाऱ्याला टॉवेल प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो. हा नियम चांगलाच आहे. पण विचार करा: तो टॉवेलात काय उरले, एवढेच पाहतो. टॉवेल धुतल्यावर वाहून गेलेल्या पाण्यात काय आहे, हे तो पाहत नाही. टॉवेल परदेशी जातो. धुवण येथेच राहते. कोणत्या डाय हाउसमध्ये कोणते द्रव्य वापरतात, हे पिंपावरच्या लेबलावरून आणि सांडपाण्याच्या तपासणीवरूनच कळेल. त्या पिंपाजवळ रोज उभे राहणाऱ्या कामगाराला तर ते सर्वांत आधी कळायला हवे.

वरच्या अंगाचे पाणी

सोलापूर शहर उजनी धरणाचे पाणी सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने आणते. शिवाय औज बंधाऱ्यावरून टाकळीमार्गे आणि हिप्परग्याच्या तलावातूनही पाणी घेते. १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण भीमा नदीवर आहे. पवना, मुळा-मुठा आणि इंद्रायणी या नद्यांतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी त्याच भीमेत येते. तुरटी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन यांची योजना गढूळपणा आणि रोगजंतू घालवण्यासाठी झाली. ते काम त्या उत्तम करतात, पण पाण्यात विरघळलेली अशी रसायने त्यांनी अंशतःच जातात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा किंवा ओझोन लागतो. मूळ उपाय वरच्या अंगाला, म्हणजे ते पाण्यात मिसळू न देणे, हाच होय. आणि सोलापूरचे सांडपाणी सीना-भीमेच्या खोऱ्यातूनच खाली कर्नाटकात जाते. प्रत्येक गाव कोणाच्या तरी खालच्या अंगाला असते आणि कोणाच्या तरी वरच्या अंगाला.

वर्षानुवर्षे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसे, म्हणून घरोघर प्लॅस्टिकची पिंपे भरून ठेवण्याची सवय पडली. कारखान्यात रसायने घेऊन आलेली पुष्कळ निळी पिंपे रिकामी झाल्यावर बाजारात विकली जातात. डब्यात मुरलेली हळद आठवा! पिंप कितीही धुतले, तरी जे मुरले आहे ते पाण्यात थोडे थोडे उतरत राहते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर गेला, की अधिकच उतरते. असे पिंप पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

मग घाबरायचे का?

घाबरून उपयोग नाही आणि दुर्लक्ष करूनही नाही. एखाद्या मुलाला झालेला विशिष्ट आजार एखाद्या विशिष्ट डब्यामुळे झाला, असे कोणालाच सांगता येत नाही. माणसावर या रसायनांचा परिणाम किती होतो, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली बिस्फेनॉल-ए ची रोजची सह्य मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे पटले नाही. तिने २०० नॅनोग्रॅम हा आकडा सुचवला. दोन आकड्यांत हजारपट अंतर आहे. पण नीट पाहा: दोन्ही आकडे जुन्या मर्यादेच्या खालीच आहेत. युरोपात २०११ पासून बाळांच्या बाटल्यांत बिस्फेनॉल-ए ला बंदी आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या जवळजवळ सर्वच वस्तूंत त्याला बंदी घालण्याचा निर्णय झाला.

एक दिलासाही आहे. २००३-०४ साली अमेरिकेत सहा वर्षांवरील लोकांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे ९३ टक्के लोकांच्या लघवीत बिस्फेनॉल-ए आढळले. पण ते शरीरात साठून राहत नाही. काही तासांतच बहुतेक निघून जाते. म्हणजे ते रोज सापडते याचा अर्थ रोज नव्याने आत जाते. मग आत जाणेच थांबवले तर? २०११ साली अमेरिकेतील पाच कुटुंबांतील २० जणांना तीन दिवस डबाबंद आणि प्लॅस्टिकबंद पदार्थांऐवजी ताजे अन्न देण्यात आले. त्यांच्या लघवीतील बिस्फेनॉल-ए सरासरी ६६ टक्क्यांनी घटले. तीन दिवसांत!

म्हणून पुढील गोष्टी आजपासून करता येतील. गरम आणि तेलकट पदार्थांना स्टील, काच किंवा चिनीमातीचे भांडे वापरा. चहाचे पार्सल आणायला किटली न्या. शेंगाचटणी घरी आणली, की काचेच्या बरणीत काढा. प्लॅस्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणातील अंक वाचा: ३ म्हणजे पीव्हीसी, ७ म्हणजे इतर प्रकार आणि त्यांत पॉलिकार्बोनेटही येते. पाण्याच्या साध्या बाटलीवर १ असतो. तिच्यात बिस्फेनॉल-ए नसते, पण ती उन्हात तापवू नये आणि पुन्हा पुन्हा भरू नये. प्लॅस्टिकचा कचरा जाळू नका.

परंतु घरच्या काळजीने नदी स्वच्छ होत नाही. त्यासाठी पाण्याची तपासणी हवी, कारखान्यांना सुरक्षित द्रव्ये वापरण्याचा नियम हवा आणि पिंपावर काय आहे ते वाचू शकणारी व विचारू शकणारी माणसे हवीत. शाळेच्या विज्ञान मंडळाने एक काम जरूर करावे. आपल्या भागात कपडे धुण्याचे, फरशी पुसण्याचे आणि कारखान्यात वापरले जाणारे जे जे धुलाईचे द्रव मिळतात, त्यांच्या लेबलांवर घटकांची नावे दिलेली आहेत का, याची वही करावी. ज्यांवर नावच नाही, त्यांची यादी वेगळी करावी आणि शिक्षकांच्या सहीने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला विचारणा करणारे पत्र लिहावे.

भाऊसाहेबांच्या तोतयाचे सोंग उघडे पडले, ते नीट चौकशी झाली म्हणून. पेशीला अशी चौकशी करता येत नाही. ती शिक्का पाहते आणि दरवाजा उघडते. चौकशीचे काम आपल्यालाच केले पाहिजे, आणि तेही दरवाजाशी तोतया येऊन पोचण्यापूर्वी.